टाकळीच्या पंपावरची बारावी भेट

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, हिचं नाव मैत्रेयी ठेवलं तिथंच चुकलं. माझ्या बाबांचं, बाबारावांचं, सगळं उलटं. कोणी त्यांच्या अंगावर गाडी घातली तरी उठून त्या गाडीवाल्यालाच विचारतील, 'तुले लागलं तं नाही ना बापू?' अशा माणसाच्या पोटी मी कशी जन्मले, हे गावालाही कोडं आहे. पण एका घरात दोन बाबाराव झाले असते तर आम्हाला लोकांनी विकून खाल्लं असतं.

बाबा एकोणीस वर्षं टाकळीच्या नळयोजनेच्या पंपावर होते. पहाटे पाचला मोटर सुरू, आधी वरच्या आळीचा वॉल्व्ह, मग बाजाराकडचा, शेवटी आमच्या बुद्धविहाराकडचा. आमचा शेवटी का, तर पाणी सोडणाराच आमच्यातला आहे, त्याने आपल्यांना आधी दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. यावरून आई त्यांच्याशी एकोणीस वर्षं भांडली.

मग योजनेचं कंत्राट एका कंपनीकडे गेलं. कंपनीने नऊ गावांवर एक सुपरवायझर नेमला, इंद्रजीत त्याचं नाव. तो पुसदला राहायचा. त्याने गावोगाव फिरून पंप तपासायचे आणि कंपनीच्या ॲपवर तिथूनच भेटीची नोंद करायची. भेट टाकली की तारीख, वेळ आणि नकाशावरची जागा आपोआप चढते. गेल्या डिसेंबरात बाबांना पत्र आलं. तपासणीच्या अकरा भेटींत ऑपरेटर पंपावर आढळून आला नाही, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली इंद्रजीतची सही.

ते पत्र ग्रामसेवकांनी ग्रामसभेत वाचून दाखवलं. बाबा उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मी तिथंच होतो. हे साहेब मले एकदाबी दिसले नाही."

ग्रामसेवक म्हणाले, "बाबाराव, मोबाईलात तारीख आहे, टाइम आहे, नकाशा आहे. मोबाईल कायले खोटं बोलंल?"

बाबा खाली बसले. त्यांच्या जागी इंद्रजीतच्या ओळखीचा एक माणूस आला आणि त्या अकरा भेटी कशासाठी होत्या ते सगळ्यांना कळलं. पण कळून काय उपयोग? बाबा तेव्हापासून पंपावरून जाणारा रस्ता सोडून नाल्यातून वळसा घालून दुसऱ्याच्या तुरीत मजुरीला जायला लागले. दुकानावर उभे राहिले की कोणीतरी विचारायचंच, 'काहो बाबाराव, काहून नोते राहत पंपावर?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. बाबा मात्र दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगायला बसायचे. मला ते बघवायचं नाही.

मी पुसदला बस स्टँडच्या मागे मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. मोबाईल किती खोटं बोलतो हे माझ्याएवढं त्या ग्रामसेवकाला ठाऊक नाही. पण कोणत्या फोनने, कोणत्या दिवशी, कसं खोटं सांगितलं, ते दाखवणार कशावरून? चार महिने मी ते पत्र पाकिटात घडी करून ठेवलं आणि त्या सहीला रोज शिव्या दिल्या.

एप्रिलातल्या एका सोमवारी संध्याकाळी तो माणूस स्वतःच्या पायाने माझ्या दुकानात आला. देव-बिव मी मानत नाही, पण त्या दिवशी कोणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

मी त्याला लगेच ओळखलं. कंपनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायची त्यांत तो नेहमी पुढे असायचा, हार घालून घ्यायला. त्याने मला कधी पाहिलेलं नव्हतं. गावात यायलाच वेळ नसलेल्या माणसाला गावातली पोरगी कुठून माहीत असणार?

"ताई, फोन रूट केलेला आहे," तो काउंटरवर फोन ठेवत हळूच म्हणाला. "नांदेडच्या एका पोरानं करून देल्ला. बाकी सगळं चालते, पण बँकेचं ॲप उघडलं का बोंबलते, हे उपकरण सुरक्षित नाही म्हणते आणि बंद पडते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अँड्रॉइड फोन आपण विकत घेतो, पण त्याची मुख्य किल्ली बनवणाऱ्या कंपनीकडेच राहते. आपण भाडेकरू. रूट करणं म्हणजे ती किल्ली आपल्या हातात घेणं. मग फोनला सांगाल ते तो करतो, नको ते सुद्धा. बँकेच्या ॲपला हे चालत नाही. आत शिरण्याआधी ते बघतं, कुलूप कोणी फोडलंय का. फोडलेलं दिसलं की दारातूनच परत जातं. म्हणून किल्लीही हातात ठेवायची आणि कुलूप धड आहे असं बँकेला दिसूही द्यायचं, हे नाजूक काम असतं. पुसदमध्ये ते दोघांनाच जमतं, त्यातली एक मी.

"रूट कायले पाहिजे तुम्हाले?" मी विचारलं. हे मी प्रत्येकाला विचारते आणि कामाच्या चिठ्ठीवर लिहून घेते.

तो हसला. "आता तुमच्यापाशी काय लपवाचं. नऊ गावं आहेत माह्याकडे. टाकळी आहे, शेंबाळकडचे दोन आहेत, अन् वरते डोंगरातले. रोज कोण मरंल उन्हात? घरी बसल्या बसल्या जागा बदलतो नकाशावर अन् भेट टाकून देतो. साधं केलं तं कंपनीचं ॲप पकडते. रूट असलं का नाही पकडत."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त याने उंटसुद्धा घरात बांधला होता. मी हात ड्रॉवरमध्ये घालून स्क्रू शोधल्यासारखं केलं.

"मग बँकेचं ॲप दुसऱ्या फोनात टाका ना," मी म्हणाले.

"नंबर एकच आहे ना ताई. बँकबी याच नंबरवर, कंपनीबी याच नंबरवर. दोनी ॲपले हेच सिम पाहिजे."

मी फोन उघडून पाहिला. नांदेडच्या पोराने घाण करून ठेवली होती. म्हटलं, सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल, उद्या अकराला या. सिम काढून घेऊन जा, दुसऱ्या फोनात टाका, हेही मी म्हटलं. खरंच म्हटलं. माझ्या बाजूने मी काही लपवलं नाही, निदान सोमवारी तरी.

"बायकोच्या फोनात पहिलेच दोन सिम आहेत," तो म्हणाला. "राहू द्या याच्यातच. एका रातीत काय आभाळ कोसळते?"

मी चिठ्ठी लिहिली. काम: रूट ठेवून बँकेचे ॲप चालू करणे, जागा बदलण्याचे ॲप बसवणे. त्याने न वाचता सही केली. तीच सही, शेवटी शेपटी ओढलेली.

मंगळवारी सकाळी आठला दुकान उघडून बसले. खोटं कशाला बोलू, मनात नाही नाही ते आलं. फोन कायमचा मारून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याचे फोटो, मेसेज सगळं माझ्या हातात होतं. पण आमच्या धंद्यात एकदा गिऱ्हाइकाच्या फोनात तोंड घातलं की बाईमाणसाच्या दुकानाची बोंब गावभर होते. शिवाय फोन मेला असता तर तो नवा घेऊन मोकळा झाला असता. त्याचं काय गेलं असतं? बाबा गैरहजरचे गैरहजरच राहिले असते.

म्हणून मी काम केलं, आणि असं केलं की माझ्या उस्तादाने पाठ थोपटली असती. सगळं पुसलं. फोन बनवणाऱ्या कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर घातलं. फोन सुरू होताना जी फाइल वाचतो ती काढून, बदलून परत बसवली, म्हणजे किल्ली आपल्याकडे आली. रूटचं ॲप दुसऱ्या नावाने लपवलं. कोणाकोणाला रूट दिसू द्यायचं नाही त्यांची यादी केली. बँक त्यात पहिली, पैसे पाठवायचं ॲप दुसरं, कंपनीचं तिसरं. गुगलची एक तपासणी असते, त्यात पहिल्या दोन वेळा फोन नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा पावणेदहा वाजले होते. जागा बदलणारं ॲप मी फोनच्या पोटात असं बसवलं की ते जन्मापासून तिथंच असावं.

दहा वाजता आईचा फोन आला. आमची रुखमाबाई फोनवर कधी हॅलो म्हणत नाही.

"मोटर जळली व माय," ती म्हणाली. "त्या नव्यानं काल सकाळी चालू केली अन् सोडून गेला उमरखेडले लग्नाले. विहिरीतलं पाणी सरलं तरी मोटर फिरूनच राह्यली. अख्खं गाव घागरी घेऊन पंपावर उभं आहे. यवतमाळवरून कंपनीची मोठी मॅडम आली सोता. उर्वशी मॅडम म्हणतात तिले."

"अन् बाबा?"

"तुह्या बाबाले बोलावलं ना. बाकी कोणाले वॉल्व्हचं समजते? सरपंचानं गाडी धाडली. चार महिन्यानं गेला पंपावर. जाचं नाही म्हणत होता, मी म्हटलं, जा."

"मॅडम किती वेळ आहे तिथं?"

"नवी मोटर येईलोक. दुपार होईन. त्या इंद्रजीतले फोन लावून राह्यले सकाळपासून, लागूनच नाही राह्यला."

लागणार कसा? तो फोन सकाळपासून माझ्यासमोर पडला होता, कधी बंद, कधी फ्लाइट मोडवर, आतल्या सिमसकट.

मी चहा मागवला आणि तो थंड होईपर्यंत बसून राहिले. इथून पुढे जे झालं ते मी ठरवून केलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जागा बदलण्याच्या ॲपमध्ये मी एक गाव नमुना म्हणून लावून ठेवलं. टाकळीचा पंप नकाशावर शोधावा लागला नाही. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी रोज तिथं जायची. विहीर, तिच्या बाजूची टिनाची खोली आणि खोलीचं दार. मी खूण दारावर लावली.

इंद्रजीत साडेअकराला आला, मोटरसायकलवरून, गॉगल लावून. मी फोन सुरू केला. तो कॉम्प्युटरला केबलने जोडलेला होता.

"केबल काढू नका," मी म्हणाले. "शेवटची तपासणी राह्यली. आधी बँक उघडून पाहा."

त्याने नंबर टाकला, बँकेने सिमवरून मेसेज पाठवला, ओटीपी आला, ॲप उघडलं. खात्याचं पान समोर आलं. तो लहान पोरासारखा खुश झाला. बाकीचे मेसेज वरून टपटपत होते, सकाळपासूनचे चुकलेले कॉल. त्याने ते बोटाने वर ढकलून दिले. बँक सोडून त्याला काही दिसत नव्हतं.

"वा ताई, मान गये. नांदेडवाला तं तुमच्यापुढं काहीच नाही."

"आता दुसरं बी पाहून घ्या," मी म्हणाले. "एखादी भेट टाकून पाहा, म्हणजे मंग तक्रार नको. नमुना म्हणून टाकळी लावून ठेवली आहे. दुसरं गाव पाहिजे असंल तं दुसरं लावा."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. त्याला एक दार उघडं ठेवलं. मला बघायचं होतं, तो कुठून जातो.

"नाही नाही, टाकळीच चांगली," तो म्हणाला. "तिथं आपलाच माणूस आहे. पहिले एक म्हातारा होता, लय इमानदारीचा तोरा. त्याले बसवलं घरी."

त्याने आपला नंबर टाकून कंपनीचं ॲप उघडलं. नकाशावर तो टाकळीच्या पंपाच्या दारात उभा होता. ऑपरेटर: हजर. पाणीपुरवठा: सुरळीत. शेरा लिहायची जागा होती, तिथं त्याने आपल्या मनाने 'प्रेशर उत्तम' असंही लिहिलं. भेट गेली. अकरा बेचाळीस.

"झालं ना?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

तीन मिनिटंही गेली नसतील, फोन वाजला. पडद्यावर उर्वशी मॅडम, सिममध्ये साठवलेलं नाव. केबल आखूड होती, फोन कानाला लागत नव्हता. त्याने केबल उपटायला हात घातला. "काढू नका, तपासणी चालू आहे," मी म्हणाले. तपासणी केव्हाच संपली होती. मग त्याने स्पीकर लावला.

"इंद्रजीत, कुठे आहात तुम्ही?" बाईचा आवाज शांत होता.

"टाकळीले आहो ना मॅडम. पंपावर. आत्ताच भेट टाकली."

"हो, आली माझ्याकडे. म्हणजे आत्ता पंपावरच आहात?"

"हो मॅडम. बिलकुल समोर उभा आहो. फुल प्रेशर आहे."

पलीकडेही स्पीकर लावलेला असणार, खूप माणसं एकदम हसली. त्या हसण्यात आमच्या आळीच्या बायांचे आवाज मला वेगळे ओळखू आले. इंद्रजीतचं तोंड उघडंच राहिलं.

"मी पण पंपावरच आहे," उर्वशी मॅडम म्हणाल्या. "नऊ वाजल्यापासून. मोटर जळून कोळसा झालीय, गावात कालपासून थेंब नाही. शंभर माणसं आहेत इथे. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात?"

इथं एखाद्याने मान्य केलं असतं. पण या माणसाला नकाशावर सरकायची इतकी सवय झाली होती की त्याला वाटलं, अजूनही कुठे तरी सरकता येईल.

"मी थोडा इकडे आलतो मॅडम, नाल्याच्या बाजूनं. पाइपलाइन पाहाले."

"बरं. थांबा, फोन ठेवू नका." मग आवाज लांब गेला. "बाबाराव, जरा नाल्याकडे जाऊन बघता का, हे साहेब तिकडे आहेत म्हणतात."

बाबांचं उत्तर ऐकू आलं नाही. ते निघाले असणार. दुसरा कोणी असता तर हसून म्हणाला असता, 'कायचा नाला मॅडम, हा माणूस खोटारडा आहे.' बाबांना ते जमत नाही. बाबा जाऊन बघणार. स्पीकरमधून नुसता गलका येत होता, घागरी आपटल्याचा, पोरांचा. इंद्रजीतच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याचं बोट लाल बटणाकडे सरकायचं आणि मागे यायचं. फोन कापला तर कबुली, नाही कापला तर फजिती.

आणि मला एकदम भीती वाटली. याची नाही, बाबांची. माझ्या बापाला दयेचा रोग आहे. नाल्यात कोणी नाही हे बघून परत येतील आणि म्हणतील, 'जाऊ द्या मॅडम, असतीन कुठंतरी, उन्हाचं गेले असतीन सावलीले.' ते असं म्हणाले असते तर मी त्यांना आयुष्यात माफ केलं नसतं. मला या माणसाचं मोडणं पाहिजे होतं, आणि ते बाबांच्याच तोंडून पाहिजे होतं. चार महिने मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

इंद्रजीतने शेवटी बोट बटणावर टेकवलं.

"कापू नका साहेब," मी म्हणाले. "माहे बाबा पाहाले गेले तुम्हाले."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आधी कळलंच नाही त्याला. मग चिठ्ठीच्या वहीवर छापलेलं माझं नाव त्याने वाचलं, मधलं बाबारावांचं, मग खालचं टाकळी. चेहऱ्यावरून सगळं एकेक करून उतरत गेलं आणि मी ते शेवटपर्यंत बघितलं. सुख कशाला म्हणतात ते मला त्या दुकानात कळलं.

"पोरी," तो कुजबुजला, "माही नोकरी जाईल व."

"त्यायची गेलती," मी म्हणाले.

पलीकडे गलका कमी झाला. कोणी तरी धापा टाकत आलं. उर्वशी मॅडमनी विचारलं, "दिसले का?"

"नाही मॅडम," बाबा म्हणाले. एकोणीस वर्षं मोटरच्या घरघरीत ओरडून बोलून त्यांचा आवाज मोठा झालाय, दुकानभर घुमला. "नाल्यात नाही, विहिरीमांगं नाही, खोलीतबी नाही. पुलाच्या पलीकडंबी जाऊन आलो. हे साहेब गैरहजर आहेत, लिहून घ्या."

"एवढ्या उन्हात पुलापर्यंत कशाला गेलात?" मॅडम म्हणाल्या. "कळलंच होतं मला."

"गैरहजर लिवाचं म्हणजे पहिले जाऊन पाहा लागते मॅडम," बाबा म्हणाले. "माह्या वेळेस कोणी आलंच नोतं पाहाले."